सुट्टीचा स्वयंपाक आणि कॅन्टीनचे कार्ड

मे महिना जवळ आला की घरोघरी एकच विषय निघतो. मुले म्हणतात, "या वर्षी समुद्र!" घरधनी म्हणतात, "बघू." आणि आपण मात्र पोळ्या लाटता लाटता मनातल्या मनात आकडेमोड करू लागतो. गाडीभाडे किती, खोलीचे भाडे किती, हे दोन आकडे आधी कळतात. खरा घोटाळा होतो तो खाण्यापिण्यात. सकाळचा चहा-नाश्ता, दुपारचे जेवण, मधल्या वेळचे 'काहीतरी', पुन्हा रात्रीचे जेवण! परत येऊन हिशेब मांडला की कळते, समुद्राने नव्हे, हॉटेलाने बुडवले.

तुमच्या घरातले कोणी फौजेत असेल किंवा फौजेतून निवृत्त झाले असेल, तर तुमच्या कपाटात एक कॅन्टीन कार्ड नक्की असेल. ते कार्ड सुट्टीत कसे वापरावे, त्याने खरोखर किती पैसे वाचतात आणि कुठे ते आपल्याला फसवते, हे आज तुम्हांला सांगायचे आहे. आमचे हे मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. पेन्शनवर घर चालते, दोन मुले शिकतात. तेव्हा हे शहाणपण पुस्तकातले नाही, ठेच लागून आलेले आहे.

कॅन्टीन म्हणजे काय?

ज्यांच्या घरी फौजी नाही, त्या मैत्रिणींसाठी थोडक्यात सांगते. १९४८ साली 'कॅन्टीन स्टोअर्स डिपार्टमेंट' हे खाते सुरू झाले. संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतल्या या खात्याचे मुख्य कार्यालय आपल्या मुंबईतच आहे. हे खाते कंपन्यांकडून माल घेते, देशभरातल्या चौतीस डेपोंत ठेवते आणि तिथून तो पलटणींच्या कॅन्टीनमध्ये जातो. अशी साडेतीन हजारांहून अधिक कॅन्टीने देशात आहेत. सैनिक, माजी सैनिक आणि दिवंगत सैनिकांच्या पत्नी यांना तिथे कार्डावर माल मिळतो. दर महिन्याला किती रुपयांचा माल घ्यायचा याची हुद्द्यानुसार मर्यादा असते. तिलाच आमच्याकडे 'कोटा' म्हणतात.

माल स्वस्त का मिळतो? एक तर खाते मोठ्या प्रमाणावर खरेदी करते आणि नफाही थोडाच ठेवते. दुसरे म्हणजे करातली सवलत. २०१७ च्या जुलैत जीएसटी आला, तेव्हापासून या खात्याला भरलेल्या करातला निम्मा परत मिळतो. शंभर रुपयांच्या मालावर अठरा रुपये कर असेल, तर कॅन्टीनच्या गिऱ्हाईकाला तो नऊच पडतो.

पण इथेच एक नवी गोष्ट ध्यानात घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून साबणाची वडी, टूथपेस्ट, शॅम्पू, केसांचे तेल यांवरचा कर अठरा टक्क्यांवरून पाचवर आला. तूप, लोणी, चीज यांवरचा बारावरून पाचवर आला. म्हणजे बाहेरच माल स्वस्त झाला आणि करातल्या सवलतीचा फरक शंभरामागे नऊवरून अडीच रुपयांवर आला. "कॅन्टीनमध्ये सगळं स्वस्तच असतं" असे आपण डोळे मिटून म्हणायचो ना, ते आता डोळे उघडे ठेवून म्हणायला हवे!

आमची पहिली फजिती

चार वर्षांपूर्वी आम्ही असेच सुट्टीला निघालो. वाटेत एका मोठ्या गावी कॅन्टीन लागले. हे म्हणाले, "अगं, थोडं सामान घेऊन टाकू, पुढे महाग पडेल." मीही मान डोलावली. बाहेर आलो तेव्हा हातात काय होते? एक मोठा हॉटकेस, बारा साबणांचा संच, दोन प्रवासी बॅगा आणि पाच किलोची कपड्यांच्या पावडरची पिशवी. त्यात खायची वस्तू म्हणजे बिस्किटांचे दोन पुडे. ती पावडर आम्ही सबंध सुट्टीभर एस.टी.तून मिरवली आणि तिन्ही वेळ हॉटेलात जेवलो.

परत आल्यावर पैसे मोजले आणि मी गप्पच बसले. मुलीच्या क्लासचा पहिला हप्ता त्याच महिन्यात भरायचा होता. तो भरायला गल्लीतल्या भिशीतून उचल घ्यावी लागली. स्वस्त मिळाले म्हणून घेतलेल्या वस्तूंपायी उसनवारी! तेव्हा कळले, कार्ड पैसे वाचवत नाही. आपण वाचवतो. कार्ड फक्त मदतीला असते.

यंदाची आखणी

यंदा गोव्याला जायचे ठरले. आम्ही दोघे, दोन मुले, थोरल्या जाऊबाई आणि त्यांची लेक, अशी सहा माणसे. मुक्काम पाच दिवसांचा. या वेळी मी आधी वही घेतली आणि पाच दिवसांची पंधरा जेवणे लिहून काढली. नियम एकच. सकाळचा नाश्ता, दोन वेळचा चहा आणि रात्रीचे जेवण खोलीवर, दुपारचे बाहेर. दुपारी आपण भटकत असतो, तेव्हा बाहेर जेवणे भागच असते. शिवाय सुट्टीत बाईलाही कोणी वाढलेले ताट नको का?

त्यासाठी स्वयंपाकघर असलेली खोली घेतली. तिचे भाडे दिवसाला तीनशे रुपयांनी जास्त होते. हे कुरकुरले, पण मी वही पुढे केली.

मग यादीचे तीन भाग केले.

पहिला भाग, घरून न्यायचे: गोडा मसाला, मेतकूट, लसणाची चटणी, दाण्याचे कूट, भाजलेला रवा, पोहे, मीठ-मिरची-हळदीच्या लहान डब्या. पोळ्यांऐवजी भातच करायचा असे ठरवले, म्हणजे पोळपाट-लाटणे नको आणि उन्हाळ्यात घाम गाळणेही नको.

दुसरा भाग, कॅन्टीनमधून: चहाची पावडर, दूध पावडर, बिस्किटे, तूप, जॅम, शेवयांची पाकिटे, तेलाची पिशवी, लहान साबण आणि टूथपेस्ट. निघण्याच्या आठवडाभर आधी साताऱ्याच्या कॅन्टीनमधूनच हे आणले. यादीबाहेरची एकही वस्तू घ्यायची नाही, अशी शपथ घालूनच यांना आत पाठवले.

तिसरा भाग, मुक्कामी बाजारातून: भाजी, मासळी, नारळ, दूध, पाव, तांदूळ. ताजे जिन्नस कॅन्टीनच्या भरवशावर ठेवायचेच नसतात. डाळ-तांदळाचेही तसेच. मोठ्या बाजारात सुटा तांदूळ पुष्कळदा कॅन्टीनच्या पाकिटापेक्षा स्वस्त पडतो. आणि गोव्यात जाऊन तिथला उकडा तांदूळ खायचा नाही, तर जायचे तरी कशाला?

एक साधी युक्ती सांगते. वस्तूच्या पाकिटावरची छापील किंमत आणि कॅन्टीनचा भाव यांची तुलना करू नका. हल्ली आपला किराणा दुकानदारही छापील किमतीत कुणाकडून घेतो? तुमच्या नेहमीच्या दुकानात प्रत्यक्ष काय भाव पडतो तो वहीत लिहा आणि त्याच्याशी ताडून पाहा. वजनही बघा. तीच वस्तू पण लहान पुडा, असे असेल तर स्वस्ताई नुसती दिसण्यापुरती.

*चौकटीतली पाककृती: प्रवासाचा तयार उपमा*
सहा मोठे चमचे तेल तापवून मोहरी, हिंग, दोन चमचे उडीद डाळ, सुक्या मिरच्यांचे तुकडे आणि पुसून कोरडा केलेला कढीपत्ता घाला. कढीपत्ता कुरकुरीत झाला पाहिजे, ओलसर राहिला तर मिश्रण टिकत नाही. त्यात चार वाट्या रवा घालून मंद आचेवर खमंग भाजा. चवीला मीठ-साखर घालून पूर्ण गार झाल्यावर कोरड्या डब्यात भरा. आयत्या वेळी एक वाटी मिश्रणाला अडीच वाट्या उकळते पाणी घाला, झाकण ठेवून वाफ आणा. वरून कॅन्टीनचे तूप आणि गोव्याचे खोबरे!

वाटेवर

आम्ही बेळगावमार्गे गेलो, कारण यांना मुलांना आपली पलटण जिथे घडते ते गाव दाखवायचे होते. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र १९२२ पासून बेळगावला आहे. तिथल्या कॅन्टीनमधून राहिलेले थोडे सामान घ्यायचे होते.

बाहेरगावच्या कॅन्टीनमध्ये जाण्याआधी चार गोष्टी विचारून घ्या. उघडे कोणत्या दिवशी असते? महिनाअखेरीस मालाची मोजणी असते आणि पुष्कळ कॅन्टीने त्या दिवसांत बंद राहतात. मागे एका गावी आम्ही रिक्षाला पैसे घालून गेलो आणि कुलूप पाहून परतलो. दुसरे, बाहेरचे कार्ड चालते का? स्मार्ट कार्ड आल्यापासून सोय झाली आहे, तरी काही ठिकाणी गर्दीमुळे आधी आपल्या नेहमीच्या गिऱ्हाईकांना माल देतात. तिसरे, पैसे कसे घेतात? बऱ्याच कॅन्टीनमध्ये रोख चालत नाही, बँकेचे कार्ड जवळ हवे. चौथे, आत कोण जाऊ शकते? कार्डाबरोबर माजी सैनिकाचे किंवा अवलंबिताचे ओळखपत्र ठेवा. फाटकावरच्या जवानाशी हुज्जत घालू नका. तो त्याचे काम करत असतो.

मुक्कामासाठीही एक सोय आहे, ती पुष्कळ बायकांना ठाऊक नसते. आपल्या राज्यात अनेक जिल्ह्यांच्या गावी सैनिकी विश्रामगृहे आहेत. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय ती चालवते आणि माजी सैनिक व त्यांच्या विधवांना तिथे सवलतीच्या दरात राहता येते. सुट्टीत खोल्या लवकर भरतात, म्हणून आधी फोन करून ठेवावा.

जाऊबाईंचे कार्ड

आता जी गोष्ट सांगणार आहे, तिच्यासाठीच खरे तर हा लेख लिहायला बसले.

आमचे थोरले दीर सुभेदार होते. त्यांना जाऊन तीन वर्षे झाली. दीर होते तोवर कॅन्टीनची सगळी खरेदी तेच करत. जाऊबाई फार तर पिशव्या रिकाम्या करत. दीर गेल्यावर लेकीने खटपट करून आईच्या नावाचे कार्ड काढून घेतले. पण ते ट्रंकेत तसेच पडून. मी दोनदा विचारले, तर म्हणाल्या, "मला नाही गं जमायचं. तिथं सगळे बाप्ये. काय बोलायचं, कुठं उभं राहायचं, काही ठाऊक नाही." मग थोडे थांबून म्हणाल्या, "आणि तिथं गेलं की ते आठवतात."

यावर मी काय बोलणार? पण निघताना म्हटले, "ताई, कार्ड बरोबर तर घ्या. वापरू नका हवं तर."

बेळगावला हे रांगेत उभे राहिले. मी जाऊबाईंना हाताला धरून आत नेले. आतली मांडणी दाखवली. टोपली घ्यायची, यादीप्रमाणे भरायची, मग बिलाच्या टेबलाशी कार्ड द्यायचे. आपल्या भाजी मंडईपेक्षा सोपे! त्यांनी दोन फेऱ्या नुसते पाहिले. मग चहाच्या पुड्याशी थांबल्या. दीर नेहमी आणायचे तोच तो चहा. पुडा हातात घेऊन जरा उभ्या राहिल्या आणि टोपलीत ठेवला. मग तूप घेतले, बिस्किटे घेतली, लेकीसाठी शॅम्पू घेतला.

बिलाशी त्यांची पाळी आली तेव्हा हे पुढे सरसावले. म्हणाले, "वहिनी, द्या इकडे, मी करतो." जाऊबाई म्हणाल्या, "राहू द्या भावजी. माझं कार्ड आहे, मीच देते."

टेबलाशी बसलेल्या माणसाने कार्ड घेतले, बिल दिले, झाले. जग काही इकडचे तिकडे झाले नाही. पण बाहेर आल्यावर जाऊबाईंनी बिल दोनदा वाचले, घडी घालून पाकिटात ठेवले आणि म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात साताऱ्यात मी एकटी जाऊन बघते."

मैत्रिणींनो, तुमचे यजमान सुखरूप आहेत, शंभर वर्षे राहोत. पण कॅन्टीनचा रस्ता आजच पाहून ठेवा. त्यांच्याबरोबर दोनदा जा, तिसऱ्यांदा एकट्या जा. आपले पेन्शनचे कागद म्हणजेच पीपीओ, त्यांचा सेवा क्रमांक, ओळखपत्रे कुठे ठेवली आहेत ते विचारून घ्या. कुटुंब पेन्शन घेणाऱ्या विधवेला स्वतःच्या नावाचे कार्ड मिळते, तो तिचा हक्क आहे, कुणाची मेहेरबानी नव्हे. एखाद्या शेजारणीचे किंवा नणंदेचे कार्ड काढायचे राहिले असेल, तर तिच्याबरोबर जवळच्या कॅन्टीनमध्ये किंवा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा आणि लागणाऱ्या कागदांची यादी लिहून घ्या.

गोव्यातले पाच दिवस आणि हिशेब

गोव्यात सकाळी सायकलवर हॉर्न वाजवत पोदेर येई. मुले धावत जाऊन गरम पाव घेत. पाव-जॅम-चहा एका दिवशी, उपमा दुसऱ्या दिवशी, पोहे तिसऱ्या दिवशी. शुक्रवारी म्हापशाचा बाजार गाठला. आमसुले, नारळ, भाजी सगळे तिथेच घेतले. रात्री भात, आमटी किंवा माशाचे कालवण आणि सोलकढी. जाऊबाई नारळ खोवत, मी फोडणी करी आणि भांडी हे आणि मुले घाशीत. ही अट मी घरीच घातली होती! काटकसर करायची ती सगळ्यांनी. एकट्या बाईने सुट्टीत राबायचे असेल, तर ती सुट्टी कसली?

आता वहीतला हिशेब. कॅन्टीनचे बिल १,९४० रुपये झाले. तीच यादी आमच्या वाण्याकडे २,१५० ला पडली असती. म्हणजे कार्डाने वाचवले २१० रुपये.

खोलीवरच्या खाण्याला कॅन्टीनचा माल, बाजारहाट सगळे धरून पाच दिवसांत ४,१०० रुपये लागले. नाश्ता, चहा आणि रात्रीचे जेवण बाहेर घेतले असते, तर सहा माणसांना दिवसाला अठराशे धरून ९,००० झाले असते. वाचले ४,९००. त्यातून स्वयंपाकघराच्या खोलीचे जादा १,५०० वजा केले, तरी ३,४०० रुपये गाठीला राहिले.

पाहिलेत ना? कार्डाने दोनशे दहा, आणि वहीने व चुलीने तीन हजार चारशे! म्हणून ज्यांच्याकडे कार्ड नाही त्यांनीही हिरमुसू नये. मोठी बचत तुमच्याही हातात आहे. आणि कार्डवाल्या बायकांनी दोनशेच्या मोहापायी दोन हजारांचे नको ते सामान घेऊ नये.

शेजारणीला काय सांगाल?

एक अवघड गोष्ट राहिली. तुम्ही कॅन्टीनला निघालात की कोणीतरी हमखास येते. "आमच्यासाठी पण दोन डबे आणा ना, पैसे देते हो!" नाही म्हणायला जीभ रेटत नाही. पण कॅन्टीनचा माल आपल्या कुटुंबासाठीच असतो. दुसऱ्याला विकला तर कार्ड बंद होऊ शकते, आणि उद्या मानहानी झाली तर ती शेजारीण नव्हे, आपला माणूस खाली मान घालतो. मी सरळ सांगते, "अहो, तुम्हांला माझ्या घरचा चहा रोज पाजीन, पण कार्ड नाही वापरायचे." पहिल्या खेपेस त्या रुसतात, दुसऱ्या खेपेस विचारत नाहीत.

हाच न्याय स्वतःलाही लावा. कोटा शिल्लक आहे म्हणून तो संपवायलाच हवा असे नाही.

परत आल्यावर उरलेल्या ३,४०० रुपयांतून मुलीच्या क्लासचा हप्ता भरला. या वेळी भिशीची उचल नाही, कुणापुढे हात नाही. आणि परवा सकाळी दारात जाऊबाई उभ्या. हातात पिशवी, कपाळाला घाम. "जाऊन आले गं," म्हणाल्या. "एकटी. जाताना रिक्षानं गेले, येताना बसनं आले. आता चहा टाक, माझ्याच पुड्यातला."